सचिनच्या घराच्या खिडक्या

सचिन म्हटलं की लोकांना आधी क्रिकेट आठवतं. २०२३ मध्ये सुनील गावस्कर यांनी आमच्या सचिन स्टेशनवरचा फोटो समाजमाध्यमांवर टाकला, तेव्हा माहेरच्या ग्रुपवर तो मला दिवसभरात अकरा जणांनी पाठवला. "बघ, तुझं गाव!" लग्न होऊन तोवर बारा वर्षं झाली होती, पण सचिन हे माझं गाव आहे असं अमळनेरच्या कोणी तेव्हा पहिल्यांदाच म्हटलं.

ज्यांनी सचिन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मुंबईहून सुरतेकडे येताना नवसारी मागे पडलं की मरोली, मग सचिन, मग भेस्तान, उधना आणि सुरत. स्टेशनबाहेर रिक्षा, लोचोच्या आणि वडापावच्या गाड्या, कापडाचे तागे लादलेले टेम्पो. थोडं पुढे गेलं की जीआयडीसीची मोठी वसाहत लागते. तिथे लूमखाती आहेत, डाइंग-प्रिंटिंगच्या मिल आहेत, रसायनांचे कारखाने आहेत. २०२० मध्ये सचिन नगरपालिका सुरत महानगरपालिकेत गेली, त्यामुळे कागदोपत्री आम्ही आता सुरतकर. रस्त्यावर मात्र गुजराती, हिंदी, भोजपुरी, ओडिया आणि आपली खानदेशी मराठी एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येते.

प्रवासाच्या लेखात निदान एखादा घाट किंवा देऊळ तरी असतं. माझ्या लेखात फक्त खिडक्या आहेत. या वर्षी पावसाळ्याआधी घराच्या सातही खिडक्या बदलायचं घाटत होतं. त्या निवडायच्या म्हणून दोन-अडीच महिने मी जिथे जाईन तिथे खिडक्याच बघत होते. त्या निमित्ताने सचिन जेवढं दिसलं, तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत दिसलं नव्हतं.

आमच्या घरात या विषयावर बोलणंसुद्धा सोपं नाही. गुजरातीत खिडकीला 'बारी' म्हणतात. लेक शाळेतून येते आणि ओरडते, "आजी, बारी उघड!" सासूबाई पत्त्यांच्या डावातून मान वर काढून विचारतात, "कोणाची बारी?" आपल्याकडे बारी म्हणजे पाळी, आणि डोंगरातली खिंडही. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग बरोबरच आहे ना, भिंतीतली खिंडच ती." मला ते पटलं.

पुण्यात झालेला करार

सचिनचा आणि महाराष्ट्राचा संबंध आपल्या गिरणी-कारखान्यांच्या नोकऱ्यांपेक्षा फार जुना आहे. मुलांना हे ठाऊक नसतं, म्हणून सांगते. मुरुडजवळच्या जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस गादीवरून वाद झाला. गादीचा एक वारस, ज्यांना बालू मियाँ म्हणत, ते पुण्याला पेशव्यांच्या आश्रयाला गेले. तेव्हा सवाई माधवराव पेशवे होते आणि कारभार नाना फडणवीस पाहत. १७९१ मध्ये करार झाला. बालू मियाँनी जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांच्या नावे सोडायचा आणि त्याच्या बदल्यात सुरतेजवळचा, वर्षाला ७५ हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख घ्यायचा. जंजिरा पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही, कारण किल्ल्यातल्या सिद्दींनी तो सोडलाच नाही. सचिन संस्थान मात्र उभं राहिलं. ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. पुढे १ मे १९६० पर्यंत सचिन आणि अमळनेर ही दोन्ही गावं एकाच राज्यात होती.

म्हणजे कोकण किनाऱ्यावरचं आपलं घर कायमचं सोडून इथे येऊन राहायचं, हे सचिनमध्ये सगळ्यात आधी इथल्या नवाबानेच केलं. त्यासाठी त्याला पुण्यात सही करावी लागली. आपल्यासारख्यांना कोणी सही मागत नाही. त्यामुळे तो निर्णय वर्षानुवर्षं लांबत राहतो.

आमच्या घरातही तो लांबला होता. सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, १९८६ मध्ये अमळनेर तालुक्यातल्या आपल्या गावाहून इथे आले आणि एका प्रोसेस हाउसमध्ये लागले. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा हजारो लोकांसारखे तेही गाडीत उभ्याने गावी गेले आणि काही आठवड्यांनी परत आले. १९९८ मध्ये त्यांनी हे रो-हाउस घेतलं. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. पण घर घेतल्यापासून घरातलं वाक्य एकच. "रिटायर झालो की गावी जायचं." त्या वाक्यामुळे इथे कुठलंही मोठं काम झालं नाही. दिवाळीला रंग दिला जायचा तेवढाच. जास्तीचे पैसे गावच्या घराच्या कौलांना, भिंतीला, दाराला जायचे.

इथल्या खिडक्या त्यामुळे तशाच राहिल्या. खालच्या तीन गजांच्या, लाकडी चौकटीच्या. वरच्या चार लोखंडी पट्ट्यांच्या. पावसाळ्यात लाकूड फुगायचं आणि झडप लागायची नाही. लोखंडाला तर खालून इतका गंज चढला होता की काच पुट्टीच्या नव्हे, सवयीच्या जोरावर उभी होती. आप्पांची रात्रपाळी असायची तेव्हा दिवसा झोपायचं म्हणून पश्चिमेच्या खिडकीला मिलमधलं ग्रे कापड, म्हणजे रंगाला जायच्या आधीचं कोरं कापड, दुहेरी करून खिळ्यांनी ठोकलेलं होतं. नोकरी संपून सात वर्षं झाली तरी ते कापड तिथेच होतं.

या वर्षी हातात एकच रक्कम होती. गावच्या घराची मागची भिंत झुकली होती, ती बांधायची, की सचिनच्या खिडक्या बदलायच्या? दोन्ही होणार नव्हतं.

खिडक्या बघत हिंडताना

संध्याकाळी भाजीला निघाले की मी वर बघत चालायला लागले. बाजारातली जुनी घरं सगळ्यात आधी लक्षात आली. खिडकी उंच, तिचे दोन भाग. वरची झडप वेगळी, खालची वेगळी. दुपारी खालची बंद आणि वरची उघडी असते, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते आणि रस्त्यावरून कोणाला आत दिसत नाही. रात्री खालची उघडायची, जमिनीवर अंथरूण टाकलं तरी अंगाला वारा लागतो.

असल्या खिडक्या नीट बघायच्या म्हणून एका रविवारी आम्ही तापीपलीकडे रांदेरला गेलो. रंगूनशी व्यापार करणाऱ्या कुटुंबांचं हे गाव. तिथल्या जुन्या गल्ल्यांत लाकडी खिडक्या आजही आहेत. नक्षी बघून लेक खूश झाली. मी बघत होते ते लाकडाच्या पट्ट्यांच्या झडपा. पट्ट्या तिरप्या, त्यामुळे पाऊस आत येत नाही, ऊन येत नाही आणि वारा मात्र येतो. वीज नव्हती तेव्हा घर गार ठेवायचं सगळं गणित त्या एका झडपेत होतं. मराठीतला जुना शब्द गवाक्ष, म्हणजे गाईचा डोळा. इंग्रजांचा 'विंडो' मूळ नॉर्स भाषेतून आला, त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. काच दोघांच्याही नावात नाही.

दुसरं टोक जीआयडीसीच्या बाजूला दिसतं. कारागिरांच्या खोल्या एकाला एक लागून आणि बऱ्याच खोल्यांना दाराच्या वर हातभर झरोका, बस. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे चार-सहा जण. उन्हाळ्याच्या रात्री ते बाहेर ओट्यावर झोपतात, कारण आत हवा फिरायला दुसरी बाजूच नसते. आप्पाही आधी अशाच खोलीत राहिले. पश्चिमेची खिडकी ठोकून बंद करणारा माणूस घर घेताना मात्र 'दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत ना' एवढंच विचारत होता, असं सासूबाई सांगतात.

तिसऱ्या खिडक्या नव्या इमारतींच्या. काळी किंवा निळी काच, सगळ्या बंद, खाली एसीचे डबे. बाहेरून रुबाबदार दिसतात. वीज गेली की आतले लोक गॅलरीत येऊन उभे राहतात.

एक षष्ठांश

नवरा हिशोबी आहे. त्याने नॅशनल बिल्डिंग कोड काढला. घराच्या खोलीला किती खिडकी हवी याचं प्रमाण त्यात हवामानाप्रमाणे दिलेलं आहे. कोरड्या उष्ण भागात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश, दमट उष्ण भागात एक षष्ठांश. मला हे वाचून मजा वाटली, कारण आमची दोन्ही घरं त्यात होती. खानदेशात मे महिन्यात बाहेरची हवाच भाजणारी, तिला आत कशाला घ्यायचं? म्हणून मातीच्या जाड भिंती आणि लहान खिडक्या. सचिनला डुमसचा समुद्र फार लांब नाही. इथे घाम वाळत नाही, अंगावरून वारा गेला तरच बरं वाटतं. म्हणून मोठ्या खिडक्या. गावचं घर गावासाठी बरोबर होतं. तो हिशोब इथे आणला की चुकतो.

आता आमची वरची खोली १० फूट बाय १२ फूट. म्हणजे १२० चौरस फूट, त्याचा सहावा भाग २० चौरस फूट. तेवढ्यासाठी ५ फूट बाय ४ फुटांची एक खिडकी पुरते. पण इथेच मेख आहे. ती खिडकी दोन झडपांची सरकती केली तर एक झडप दुसरीच्या मागे जाते आणि उघडं राहतं निम्मंच. २० फुटांच्या खिडकीतून वारा १० फुटांतून येतो. तीन रुळांची, तीन झडपांची केली तर दोन तृतीयांशापर्यंत उघडते, पण मग डासांच्या जाळीला चौथा रूळ लागतो. बाहेर उघडणाऱ्या झडपा केल्या तर खिडकी पूर्ण उघडते. बंद केल्यावर रबरावर घट्ट दाबूनही बसते. सरकत्या खिडकीत रबर नसून ब्रशसारखी केसाळ पट्टी असते, त्यातून थोडी धूळ, थोडा आवाज येतोच.

मग सगळीकडे उघडणाऱ्याच झडपा का नाहीत? कारण प्रत्येक खिडकीबाहेर जागा वेगळी. आमच्या बैठकीची खिडकी गल्लीत उघडते आणि गल्ली एवढी अरुंद की झडप उघडली तर सायकलवरून जाणाऱ्याच्या डोक्याला लागेल. तिथे सरकतीच हवी. न्हाणीघरात काचेच्या तिरप्या पट्ट्या पुरतात.

दिशेचंही तसंच. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि पाऊस घेऊन येतो. म्हणून दक्षिण आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा हवा आणि त्याच्या खालच्या कडेला एक खाच हवी, नाहीतर पाणी छज्जाच्या पोटावरून चालत येऊन चौकटीवर उतरतं. दक्षिणेचं ऊन छज्जाने अडतं, कारण तिकडे सूर्य हिवाळ्यातही दुपारी बराच वर असतो. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जाचा उपयोग नाही. तिथे बाहेरून झडप, चटईचा पडदा किंवा झाड. सुरत कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनमध्ये भरदुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो. लेकीला हे खोटं वाटलं. २१ जूनला अंगणात काठी उभी करून बघायचं ठरलं आहे.

लाकूड, लोखंड, ॲल्युमिनियम

आमच्या गल्लीत या विषयावर प्रत्येकाचं ठाम मत आहे. मी सगळ्यांचं ऐकलं आणि शेवटी आपल्या हवेचा विचार केला. इथल्या हवेत खारेपणा आहे, दमटपणा आहे आणि कारखान्यांचा धूरही.

लाकूड देखणं. डांगच्या जंगलांचा साग तर प्रसिद्धच. पण चांगला साग महाग आणि साधं लाकूड पावसाळ्यात फुगतं, वाळवीची भीती वेगळी. लोखंड मजबूत, पण दर दोन वर्षांनी घासून रंग दिला नाही तर गंजतं. ॲल्युमिनियमला तसा गंज लागत नाही. चौकट बारीक होते, त्यामुळे त्याच भोकात काच जास्त बसते आणि दुरुस्तीला कोणताही फॅब्रिकेटर चालतो. मात्र ते उन्हात तापतं आणि उष्णता आत आणतं. यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिक. कोपरे वितळवून जोडतात, आत लोखंडी पट्टी घालतात. ते गंजत नाही, उष्णताही कमी आत सोडतं. पण चौकट जाड असते. आपल्याकडच्या उन्हात टिकायला त्यात टायटॅनियम डायऑक्साइड पुरेसं असावं लागतं, नाहीतर पिवळं पडून ठिसूळ होतं. हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून मी दुकानातला नवा नमुना बघण्याऐवजी पाच-सात वर्षांपूर्वी ज्यांनी बसवल्या त्यांच्या घरी जाऊन खिडक्या बघितल्या. चहा झाला, ओळखी झाल्या, आणि कोणाची झडप अडते, कोणाचं रबर सुटलं हे खरं खरं कळलं. नव्या खिडकीबद्दल दुकानदार सांगतो, जुनीबद्दल घरातली बाई.

काचेचंही शिकले. टफन केलेली काच फुटली तर बारीक बोथट तुकडे होतात, पण एकदा टफन केली की ती कापता येत नाही, माप आधीच अचूक हवं. लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये पारदर्शक थर. ती आवाज जास्त अडवते. आमच्याकडे रेल्वेचा भोंगा आहे, लांबून लूमची खटखट आहे. पण काच कितीही जाड घ्या, चौकटीला बोटभर फट राहिली तर आवाज तिथून आत येतो. पैसे आधी फटी बुजवायला, मग काचेला.

उघडी हवी आणि बंदही हवी

इथवर माझं मत वाऱ्याच्या बाजूने होतं. खिडकी म्हणजे उघडी खिडकी. नवऱ्याने एकदाच, शांतपणे, ६ जानेवारी २०२२ ची आठवण करून दिली. त्या पहाटे सचिन जीआयडीसीत एका टँकरमधून रसायन बेकायदा सोडलं जात असताना विषारी वायू पसरला आणि जवळच्या मिलमधले ६ कामगार गेले. कित्येक जण रुग्णालयात होते. आम्ही लांब होतो, आम्हाला काही झालं नाही. पण त्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येक घरी रात्री उठून कोणीतरी हवेचा वास घेत होतं. गेलेले सगळे आपल्यासारखेच, कामासाठी इथे आलेले.

खिडकीने त्यांचा जीव वाचला असता असं म्हणण्यात अर्थ नाही. तो प्रश्न टँकरचा आणि कायद्याचा आहे, खिडकीचा नाही. पण सचिनमध्ये राहायचं तर संध्याकाळी समुद्राकडचा वारा घरात यावा म्हणून खिडकी पूर्ण उघडायला हवी, आणि वारा दिशा बदलून धूर आणि वास घेऊन आला की घट्ट मिटायलाही हवी. नुसती काचबंद खिडकी आणि एसी म्हणजे गावाकडे पाठ फिरवणं. नुसती गजांची खिडकी म्हणजे येईल ते सोसणं. आम्हाला दोन्ही नको होतं. तेव्हा वरच्या खोल्यांसाठी निर्णय सोपा झाला. बाहेर उघडणाऱ्या, रबरावर बसणाऱ्या झडपा, मध्ये ग्रील, आत जाळीची वेगळी झडप.

प्रश्न उरला पैशांचा. म्हणजे आप्पांचा.

आखाजी

आखाजीला मी दरवर्षी माहेरी जाते. या वर्षी आप्पा म्हणाले, "मीबी येस, घर देखी येस." सचिनहून उधन्याला आलो आणि तिथून ताप्ती लाइनची गाडी. उधना ते जळगाव हा सुमारे ३०० किलोमीटरचा मार्ग आपल्या कितीतरी कुटुंबांची नाळ आहे. बारडोली, व्यारा, मग नवापूर. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात. फलाटावरच्या एकाच बाकावर दोन राज्यं. आप्पांनी दरवेळेसारखं नातीला ते दाखवलं. नंदुरबारनंतर खिडकीतून येणारी हवा कोरडी आणि गरम झाली. लेकीने खिडकीची झडप खाली ओढली. "इथे बारी बंदच बरी," ती म्हणाली.

गावचं घर तसंच होतं. धाब्याचं छत, पुढे कौलांची पडवी, हातभर जाडीची भिंत, दोन लहान खिडक्या. बाहेर आगीसारखं ऊन असताना आत माठाजवळ बसल्यासारखं गार. आप्पा बराच वेळ मागच्या झुकलेल्या भिंतीपाशी उभे होते. घरात चुलत सासऱ्यांनी कांदे ठेवले होते. शेजारच्या दोन घरांना कुलूप होतं, एक कुटुंब पुण्यात, एक उधन्यात. रात्री अंगणात खाटा टाकल्या, झोक्यांवरची गाणी ऐकू आली, आमरस-पुरणपोळी झाली. भिंतीचा विषय कोणी काढला नाही. निघताना आप्पांनी चुलत सासऱ्यांना एवढंच सांगितलं, की भिंतीला सध्या बाहेरून टेकू द्या, कांदे ठेवताय तर घर वापरात राहू द्या.

परत आल्यावर चार दिवसांनी फॅब्रिकेटर माप घ्यायला आला. मूळचा उत्तर प्रदेशचा, हातात टेप, कानाला पेन्सिल. सगळ्यांना विचारतो तसं त्याने विचारलं, "चाचा, रहना है या किराये पे देना है? किराये का हो तो सस्ता माल लगा दूँगा."

मी चहा घेऊन आले होते, तशीच उभी राहिले. आप्पा त्याच्याकडे न बघता पश्चिमेच्या खिडकीकडे बघत होते. मग म्हणाले, "आते आठेच ऱ्हानं शे." आणि त्याला कळलं नाही म्हणून हिंदीत, "रहना है. अच्छा लगाओ."

सासूबाई आत निघून गेल्या. रात्री त्यांनी विचारलं, "स्वयंपाकघराची थोडी मोठी करता येईल का गं?" सत्तावीस वर्षांत या घराबद्दल त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट. आम्ही मोठी केली.

बसवताना

शेवटी ठरलं ते असं. वरच्या पश्चिम आणि दक्षिणेच्या खिडक्या पांढऱ्या यूपीव्हीसीच्या, उघडणाऱ्या. झोपायच्या खोलीत लॅमिनेटेड काच. गल्लीकडची पावडर कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमची, सरकती. स्वयंपाकघराची उत्तरेला, तीही उघडणारी. पश्चिमेला बाहेरून चटईचा पडदा.

तुमच्यापैकी कोणी हे काम काढणार असेल तर काही गोष्टी सांगून ठेवते. भोकाचं माप वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी घ्यायला सांगा, जुन्या भिंती कुठेच सरळ नसतात. सगळ्यात कमी माप धरायचं. दोन्ही तिरपी मापं जुळतात का बघा, नाहीतर झडप अडणार. जुनी चौकट तशीच ठेवून तिच्यावर नवी बसवली की काम एका दिवसात होतं, पण भोक चारी बाजूंनी लहान होतं आणि वाळवी आत राहते. काढून टाकली तर प्लास्टर फुटतं, धूळ होते, पण खिडकी पूर्ण मिळते. खालचा कट्टा बाहेरच्या बाजूला उताराचा करून घ्या. सरकत्या खिडकीच्या रुळाला बाहेरून पाणी जायला छोटी भोकं असतात, ती सिलिकॉनने बुजवलेली नाहीत ना हे पैसे देण्याआधी बघा, आणि मग दर पावसाळ्याआधी काडीने साफ करा. सगळ्यात शेवटी, बादलीभर पाणी बाहेरून जोरात मारा. पहिल्या पावसाची वाट बघू नका.

सात खिडक्या बसायला तीन दिवस लागले. ठोकलेलं ग्रे कापड आप्पांनी स्वतः काढलं, खिळे एका डबीत भरून ठेवले. भिंतीवर कापडाच्या मापाचा एक स्वच्छ चौकोन निघाला, मूळच्या रंगाचा. तो रंग कोणाच्याच लक्षात नव्हता.

संध्याकाळी पश्चिमेची खिडकी पहिल्यांदा पूर्ण उघडली. समोर वीज मंडळाचा खांब, दोन गच्च्या, कोणाचे तरी वाळत घातलेले गणवेश, आणि लांब मिलच्या चिमण्या. यात चित्र काढण्यासारखं काही नाही. आप्पा मात्र रोज पाच वाजता तिथे खुर्ची टाकतात आणि वारा कुठून येतोय ते आम्हाला सांगतात. धूर दिसला की झडप ओढून घेतात, निवळला की पुन्हा उघडतात. समोरच्या गच्चीवरच्या ओडिया कुटुंबाशी त्यांची आता हातवारे करून ओळख झाली आहे. इतकी वर्षं ते समोरच राहत होते.

जुन्या चौकटींतलं लाकूड तासल्यावर खाली चांगलं निघालं. सुताराने त्यातून एक चौरंग करून दिला. या वर्षी घरचा गणपती त्यावर बसेल. मंडळातल्या सगळ्यांना आमंत्रण आहे. दर्शन घ्या, मोदक खा आणि खिडक्या उघडून-मिटून बघा. कुठली अडते तेही सांगा.